करकटकाच्या सांध्याखालचे तीन ठिपके

बेंबळीत माझी थाप न ऐकलेला माणूस सापडायचा नाही. बिबट्याला डस्टरनं हाणून पळवलेला मी. भर पुरात खडूनं रेघ मारून पाणी अडवलेला मी — चित्रकलेचा निवृत्त मास्तर! जन्मभर एवढं बोललो, पण हे बायकोलाही सांगितलेलं नाही.

माझे आजोबा निजामाच्या वेळी मोजणीदार. त्यांचं पितळी करकटक माझ्याकडं आहे. परवा पुण्याहून जुन्या हत्यारांचे एक जाणकार आले. दोन तास भिंग लावून बघितलं, तीन कप चहा प्यायले, आणि निकाल काय? — सांगता येत नाही! म्हणे, घडवणारा नाव घालतच नसे. घालायचा तो विकणारा दुकानदार. यावरचं विलायती नावही मागाहून कोरलेलं. शिवाय सांध्याखाली कुणीतरी कानस फिरवलीय. वहीत लिहिलं, ‘घडवणारा अज्ञात’. अरे, मग भिंग कशाला आणलंत? मी मात्र मान डोलावत बसलो. कुणाची असेल हो कानस?

माझी. नावही मीच कोरलेलं.

हाटेलात मी ठोकून दिलं होतं, की गोऱ्या साहेबानं आजोबांच्या हुशारीवर खूश होऊन ते बक्षीस दिलं. लोक बघायला यायला लागले. गप्प बसता आलं नसतं का? आलं असतं. पण मी कानस घेतली. सांध्याखाली तीन ठिपके होते — आमच्याच गावच्या दगडू ओताऱ्याची खूण. ते करकटक त्यानं घडवलं, हे आजोबांनीच मला सांगितलं होतं.

एवढंच असतं तर थाप म्हणून खपलं असतं. पण दगडूची लेक कोंडाआक्का, वयानं ऐंशीच्या पुढं, काठी टेकत बघायला आली. चारचौघं बसलेले. तिनं सांधा उघडून मिटून बघितला.

“ह्यो सांधा माझ्या बापाचा हाय, गुर्जी. भाता म्या वडायची. खाली तीन ठिपके असत्याल, बघा.”

मी करकटक उलटं करून तिच्या हातात दिलं. तिनं बोट फिरवलं. गुळगुळीत पितळ. पुन्हा फिरवलं.

“आक्का, वय झालं तुमचं,” मी म्हणालो. चौघं हसले.

“व्हय,” ती म्हणाली, “मीच इसरले आसंन.”

माझ्या शंभर थापा गावानं हसण्यावारी नेल्या. खरी मानली ती हीच! कोंडाआक्का चार घरं सोडून राहते. नातवंडं विचारतात, तुझा बाप काय करायचा? ती सांगते, घंट्या ओतायचा, समया ओतायचा.

करकटकाचं नाव काढत नाही.