आमच्या अंकातली कोंडाबाई

कोंडाबाई आमदारांच्या संपर्क कार्यालयात आल्या तेव्हा मी पुढच्या अंकाचं पहिलं पान लावत होते. त्यांनी पदरातून मागच्या अंकाची घडी काढली, टेबलावर पसरली आणि स्वतःच्याच फोटोवर बोट ठेवलं.

"ही मीच हाये ना, बाई?"

"व्हय मावशी, तुम्हीच."

"मंग ही गाडी कुठं गेली, ते सांगा."

फोटोत त्यांनी कोकरू धरलं होतं आणि डॉक्टर त्याला इंजेक्शन देत होते. मागं पांढरी गाडी होती. वर मथळा होता, 'खडकवस्तीच्या दारात दवाखाना'. फोटो मी काढला होता, मथळाही माझाच.

माझं काम सांगते. आधी मी वर्तमानपत्रात उपसंपादक होते. ते सोडल्यावर या आमदारांचं मासिक वार्तापत्र माझ्याकडं आलं. मतदारसंघात काय कामं झाली, कुठं शिबिर आहे, कोणती योजना आली, हे आठ पानांत मांडायचं. छपाई शहरात शहागंजमधल्या एका प्रेसमध्ये. शिवाय व्हॉट्सअ‍ॅपवर ब्रॉडकास्ट, म्हणजे एकच मेसेज एका झटक्यात हजारो लोकांच्या फोनवर जातो. प्रत्येक अंकात एक 'सक्सेस स्टोरी' लागते. ज्याचं काम झालं त्याचा फोटो आणि त्याच्या तोंडचं एखादं वाक्य. लोक योजनांची माहिती वाचत नाहीत, ओळखीचा चेहरा मात्र बघतात.

खडकवस्ती ही धनगरांची वस्ती. पक्का रस्ता बऱ्याच अलीकडं संपतो. आजारी मेंढरू खांद्यावर टाकून तिथपर्यंत चालत यायचं आणि पुढं मिळेल त्या टेम्पोनं दवाखाना गाठायचा. एका बैठकीत वस्तीतल्या लोकांनी हे दादांना सांगितलं. आमदारांना सगळे दादाच म्हणतात. दादांनी तिथूनच फोन लावला आणि जनावरांचा फिरता दवाखाना दर गुरुवारी वस्तीवर पाठवायचं ठरवून टाकलं. हे सगळं खरं होतं. पहिल्या गुरुवारी गाडीसोबत मी स्वतः गेले होते.

कोंडाबाई तेव्हा म्हणाल्या होत्या, "माणसाला डॉक्टर भेटंना, मेंढराला भेटला." असं वाक्य विचारून मिळत नसतं. मी ते मोठ्या अक्षरांत लावलं. दादांना लई आवडलं. फोटो ब्रॉडकास्टवर गेला, कार्यालयाच्या भिंतीवर लागला.

आणि आता त्या सांगत होत्या की गाडी सुरुवातीचे काही गुरुवार आली, मग आलीच नाही. पाऊस सरत आला होता. मेंढ्या खोकत होत्या, नाकं गळत होती. काही कोकरं गेली होती. एरवी या दिवसांत त्यांचं कुटुंब कळप घेऊन चराईसाठी दूर मुलखात बाहेर पडतं. या वर्षी गाडीची वाट बघत थांबलं. दर गुरुवारी मेंढ्या चरायला न सोडता मेंढवाड्यात अडकवून ठेवायच्या आणि संध्याकाळी उपाशीपोटीच बसवायच्या, असं चाललं होतं.

दादांचे पीए काकडे आतल्या खोलीत होते. मी त्यांना विचारलं. त्यांनाही काही माहीत नव्हतं. त्यांनी गाडीवरच्या डॉक्टर शेख यांना फोन लावून स्पीकरवर टाकला. डॉक्टर मूळचे सिल्लोडचे, तरुण आणि कष्टाळू. पहिल्या दिवशी भर उन्हात शेवटच्या कोकरापर्यंत हात न थांबवता काम करताना मी त्यांना पाहिलं होतं.

"मॅडम, गाडी एकच हाये," ते म्हणाले. "तुमचा अंक निघाला आणि गावोगावचे सरपंच तो घेऊन दादांकडं आले. आम्हाला बी गाडी पाहिजे म्हणले. दादांनी कुणाला नाय म्हणलं नाही. रूट वाढत गेला. खडकवस्ती तर कव्हर झालेली होती, म्हणून तिला मागं टाकलं."

'कव्हर झाली' म्हणजे तिथलं काम झालं असं धरायचं. मी विचारलं, हे ठरवलं कुणी? ते म्हणाले की वरच्या ऑफिसातून विचारणा झाली होती, त्यांनी स्वतः सांगितलं होतं की तिथं अजून जायला हवं. तर उत्तर आलं, तिथलं तर अंकात छापून आलंय.

काकडेंनी फोन ठेवला. कोंडाबाई दारातच उभ्या होत्या, त्यांनी सगळं ऐकलं होतं. मी म्हटलं, मावशी, तुम्ही आधीच कळवायला हवं होतं. त्या म्हणाल्या, "कळिवलं की. तुमच्या नंबरावर बोलले. तिकडून दर बारीला मेसेज यायचा."

अंकावर व्हॉट्सअ‍ॅपचा नंबर छापलेला असतो. तो फोन कार्यालयात चार्जरला लावलेला असायचा. त्यावर काहीही आलं की आपोआप उत्तर जायचं, 'आपला संदेश मिळाला, दादा सदैव आपल्या सोबत आहेत'. पाठवण्याचं काम माझं होतं. येणारं ऐकण्याचं काम कुणालाच नेमून दिलेलं नव्हतं. मी फोन उचलला आणि त्यांचं नाव शोधलं. त्यांना लिहिता येत नाही, त्यामुळं सगळे बोलून पाठवलेले मेसेज होते.

पहिल्यात त्या अदबीनं म्हणत होत्या की आज गाडी आली नाही, दुसरीकडं काम निघालं असंल, हरकत नाही. पुढच्यात खोकल्याचं सांगितलं होतं. मग एकात बराच वेळ नुसता मेंढ्यांच्या खोकण्याचा आवाज होता. डॉक्टरला ऐकवा म्हणजे त्याला समजंल, असं शेवटी म्हटलं होतं. अखेरच्या मेसेजमध्ये त्या विचारत होत्या, आमी निघू का थांबू, तेवढं तरी सांगा. प्रत्येकाखाली आमचं तेच उत्तर होतं. काकडे माझ्या शेजारी उभे राहून ऐकत होते.

मी दादांना गाठलं आणि ते मेसेज ऐकवले. त्यांनी दोनच ऐकले, तिसरा लावू दिला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी खडकवस्तीकडं निघाली, सोबत मीही. काकडेंनी सवयीनं मला विचारलं, कॅमेरा घेतला ना? दादाच म्हणाले, "राहू द्या. नुसतं जाऊन या."

आम्ही पोचलो तेव्हा वाड्याचा बराच भाग रिकामा होता. डॉक्टर शेखांनी होत्या त्या सगळ्या मेंढ्या तपासल्या, औषध पाजलं. काही वाचतील म्हणाले. रोग फुफ्फुसात उतरला होता. पंधरवड्यापूर्वी आलो असतो तर सोपं होतं, असं त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं. कोंडाबाईंच्या मुलानं चालत्याफिरत्या मेंढ्या मरण्याआधीच सिल्लोडच्या व्यापाऱ्याला देऊन टाकल्या होत्या. तो आणि सून शहरात बीड बायपासकडं एका बांधकामावर वॉचमन म्हणून राहायला गेले होते. घरात पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं होती. आता त्यांच्यामागं फिरणारं कुणी उरलं नव्हतं.

कोंडाबाईंनी आम्हाला चहा दिला. मी दिलगिरी व्यक्त करू लागले तर त्यांनी हातानंच थांबवलं.

"तुमचा राग नाय. पण शेजारच्या वस्तीवर मदत मागाया गेले, तर लोक म्हणले, तुमचं तर पेपरात आलंय, तुमचं झालं. आता आमचं काय बी छापू नका, बाई."

मी बरं म्हटलं. पुढच्या अंकात गाडीच्या वेळापत्रकाची एक चौकट टाकली, कुठल्या वारी कुठं येणार आणि कधी येणार नाही तेसुद्धा. 'येणार नाही' हे शब्द आमदाराच्या अंकात शोभत नाहीत, असं काकडेंचं म्हणणं पडलं. दादांनी ते राहू दिलं. व्हॉट्सअ‍ॅपचं आपोआप जाणारं उत्तर बंद केलं आणि मेसेज ऐकायला एक मुलगी नेमली. दुसऱ्या गाडीसाठी दादांनी पाठपुरावा केला. ती अजून मंजूर झालेली नाही.

कोंडाबाईंनी आता थोड्या शेळ्या ठेवल्या आहेत, असं डॉक्टर शेखांकडून कळतं. मी एकदा फोन केला होता. त्या नीट बोलल्या, पण लवकर ठेवला.

माझ्या धंद्यात एक गोष्ट कुणी शिकवत नाही. चांगली बातमी छापली की ते काम सगळ्यांच्याच डोक्यातून उतरतं, ज्यांनी करायचं त्यांच्या तर आधी. म्हणून हल्ली कुठलीही सक्सेस स्टोरी आली की मी विचारते, हे सहा महिन्यांनी चालू असेल का? बहुतेक वेळा समोरचा खांदे उडवतो, मग मी ती छापत नाही. आमचा अंक आता चार पानीच निघतो.