सातवं पोतं

आमचं युनिट तेव्हा सिकंदराबादला होतं. मी कुक होतो. सैनिक म्हटलं की लोकांना बंदूक दिसते. माझ्या हातात पंधरा वर्षं झारा होता. रायफल चालवता येते, दरवर्षी फायरिंग व्हायचं, पण खरं काम पहाटे चारला भट्टी पेटवायची आणि साडेसातला नाश्ता लावायचा.

गाव चिंताकी, तालुका औराद, जिल्हा बिदर. आम्ही बौद्ध. आजोबांनी दीक्षा घेतलेली. वडील रोजानं जायचे. माझी शाळा आठवीत सुटली. भरती झालो तेव्हा इंग्रजीत सही येत नव्हती. ती हवालदार दीवान सिंह यांनी शिकवली. ते कुमाऊंचे, आमचे लंगर कमांडर, म्हणजे फौजी स्वयंपाकघराचे प्रमुख. स्टोअरच्या जुन्या वहीवर पंधरा दिवस रोज एक पान लिहून घेतलं. माझं अक्षर बारीक पडायचं. म्हणायचे, "दबा के लिख. तेरा नाम है, चोरी का माल नहीं."

त्यांची एक सवय होती. वर्दीच्या खिशात स्टीलचा चमचा. लंगर लागायच्या आधी प्रत्येक देगीतला एक घास चाखायचे आणि म्हणायचे, "ठीक है, लगाओ." त्याशिवाय लाइन लागत नसे.

फौजेचे माझ्यावर फार उपकार आहेत. चारशे माणसं माझ्या हातचं खायची. पंधरा वर्षांत एकानंही विचारलं नाही, हात कुणाचा. मीठ कमी पडलं तर मात्र सगळेच विचारायचे.

मी गावाकडचं कौतुक फार सांगायचो. आमच्याकडं एका कट्ट्यावर तीन भाषा बसतात, कुणाला कुणाचं परकं वाटत नाही, असलं काय काय. दीवान सिंह ऐकून घ्यायचे. एकदा म्हणाले, "इतना अच्छा है तो तू भागा क्यों?" सगळे हसले. मी पण हसलो.

ऑगस्टमध्ये मांजरा नदी चढली. वरच्या धरणाचे दरवाजे उघडले होते. फ्लड रिलीफ कॉलमची, म्हणजे पूरमदतीच्या तुकडीची, ऑर्डर आली. भाषा येते म्हणून माझं नाव यादीत दीवान सिंहांनी घातलं. सकाळी सहाला आम्ही भालकी तालुक्यातल्या एका गोदामावर पोचलो. गोदाम उंचावर होतं. पाणी तिथून दोनेक किलोमीटरवर थांबलं होतं.

या गोदामाबद्दल सांगितलं पाहिजे. सीमेवरच्या जिल्ह्यांनी मिळून ठरवलं होतं की पुराच्या वेळेसाठी प्रत्येकानं आपापल्या वाट्याचा तांदूळ इथं आधीच आणून ठेवायचा. कर्नाटकातल्यांनी, महाराष्ट्रातल्यांनी, तेलंगणातल्यांनी. पाणी मांजरेला येवो नाहीतर कलबुर्गीकडं भीमेला, ज्याला आधी लागेल त्यानं आधी उचलायचा. कुणाचा तांदूळ हे बघायचं नाही. पाणी उतरलं की बाकीच्यांनी थप्पी पुन्हा भरून द्यायची.

गोदाम सांभाळायला काशप्पा अण्णा होते. कानडी माणूस, मराठी लातूरवाल्यासारखं. एकाच थप्पीत तीन लिप्यांचे शिक्के असलेली पोती होती. मी दीवान सिंहांना ते वाचून दाखवलं, हे कानडी, हे मराठी, हे तेलुगू.

काशप्पा म्हणाले, "शिजल्यावर कोणती लिपी, सांग बघू?"

मी ते हिंदीत सांगितलं. दीवान सिंहांनी थप्पीवर थाप मारली. "वाह. तेरी बात सच निकली यार." मला त्या वेळी फार अभिमान वाटला. आता ते आठवलं की मान खाली जाते.

गोदामाच्या शेडमध्ये भट्टी लावली. तांदूळ, तुरीची डाळ, हळद, मीठ. दोन देगी खिचडी नऊ वाजता तयार झाली. दहा वाजून दहा मिनिटांनी बोट निघाली. ओबीएम, म्हणजे बोटीचं इंजिन, नाईक सेल्वम चालवत होता. दीवान सिंह पुढं, मी देगींपाशी. रेडिओ दीवान सिंहांच्या पाठीवर.

गावाचं नाव लिहीत नाही. गाव चारी बाजूंनी पाण्यात होतं. साठ-सत्तर माणसं शाळेच्या छतावर होती. दोन रात्री तिथंच काढलेल्या. सेल्वमनं बोट जिन्याला लावली. एक देग सेल्वमनं आणि मी वर चढवली, दीवान सिंह खाली बोटीत थांबले.

डोक्याला ओला टॉवेल गुंडाळलेला एक म्हातारा पुढं आला. सगळे त्याला आप्पा म्हणत होते.

"कोण रं तू? मराठी बोलायलास."

"चिंताकीचा हाय, आप्पा."

"आरं, आपलाच की. बघा रं, फौजेत बी आपला माणूस निघाला."

मागून एक बाई म्हणाली, "भाकर न्हाई व्हय आणली? भात खाऊन लढायलेत का काय हे?" लोक हसले. दोन दिवसांनी हसले असतील. ताटं पुढं झाली. मी झाकण काढलं. वाफ आली.

"चिंताकीत घर कुठं?" आप्पांनी विचारलं.

आमच्याकडं हा प्रश्न घराबद्दल नसतो. मला कळलं.

"विहाराच्या बाजूला."

"बरं." त्यांनी देगीकडं बघितलं. "रांधलं कुणी?"

"म्याच."

"बरं."

त्यांनी हातातलं ताट मांडीवर पालथं घातलं. मागची ताटं एकेक करून खाली गेली. कुणी वाईट बोललं नाही. एका पोरीनं हात पुढं केला होता, तिच्या आईनं तो हळूच ओढून घेतला. आप्पा तर मायेनंच म्हणाले, "वाईट वाटून घिऊ नको बाळा. कोरडे तांदूळ दे. हितं तीन इटांची चूल हाय, शाळंची लाकडं हायत. आमचं आमी शिजवून घिऊ."

कडेला एक धनगर म्हातारी कोकरू मांडीवर घेऊन बसली होती. ती म्हणाली, "मला वाढ रं. पाणी घरात शिरताना इचारलं का त्यानं, घर कुणाचं हाय म्हणून?"

"लक्ष्मक्का, तू गप बस," आप्पा म्हणाले.

मी तिला वाढलं. तिनं सगळ्यांसमोर मोठ्यानं चावत खाल्लं आणि म्हणाली, "मीठ बरूबर हाय."

तेवढ्यात दीवान सिंह जिना चढून आले. खिशातला चमचा हातात होता. "क्या हुआ? लाइन क्यों नहीं लगी?"

खरं सांगितलं असतं तर त्यांनी काय केलं असतं हे मला माहीत होतं. छतावर मांडी घालून बसले असते, पहिलं ताट स्वतः घेतलं असतं, आणि म्हणाले असते, आओ चाचा, साथ में खाते हैं. भुकेली माणसं होती. एकानं घास घेतला असता की सगळ्यांनी घेतला असता.

मी म्हणालो, "साब, बच्चों के पेट खराब हैं. सूखा चावल माँग रहे हैं. पतला पका के देंगे."

त्यांनी पोरांकडं बघितलं. "ठीक है. माँ-बाप समझते होंगे." चमचा पुन्हा खिशात गेला.

मी असं का बोललो? पंधरा वर्षं ज्या मुलखाची फुशारकी मारली तो मुलूख त्यांच्यासमोर उघडा पडेल, आणि मी त्यात कुठं बसतो हेही त्यांना दिसेल, याची लाज वाटली. गावाची लाज झाकली असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत होतो. झाकली ती माझीच.

पलीकडं समाजमंदिराच्या छतावर आमच्या लोकांची वीस-बावीस माणसं होती. दीवान सिंह बोटीतून दुसऱ्या ट्रिपसाठी रेडिओवर बोलत होते, तेव्हा न चाखताच दोन्ही देगींतलं त्यांना पोटभर वाढलं. उरलेलं परत आणलं. दीड देग खिचडी परत आली.

बारा चाळीसला आम्ही गोदामावर होतो. पाणी सकाळपेक्षा वाढलं होतं, बाभळीचे बुंधे वाहत येत होते. कॉलमचे कॅप्टन साहेब दुसऱ्या काठावर होते. रेडिओवर त्यांचा आवाज आला. टायगर म्हणजे ते, टायगर वन आमची बोट.

"टायगर वन, टायगर. दूसरा ट्रिप ज़रूरी है क्या? सुबह हेलिकॉप्टर मिल सकता है. ओव्हर."

दीवान सिंहांनी माझ्याकडं बघितलं. "एक दिन रुक सकते हैं? बच्चे बीमार हैं बोला तूने. पक्का?"

तिथंसुद्धा वेळ होता.

"पक्का, साब."

"टायगर, टायगर वन. ज़रूरी है. बच्चे बीमार हैं. ओव्हर."

"टायगर वन, सिर्फ छह बोरी. ध्यान से. आउट."

काशप्पांनी थप्पीच्या टोकाची सहा पोती काढून दिली. मी बोटीत पाय ठेवला तर दीवान सिंह म्हणाले, "तू उतर. बातचीत का काम हो गया. तेरे वज़न में एक बोरी और जाएगी." मी उतरलो. माझ्या जागी सातवं पोतं ठेवलं. ते मी स्वतः उचलून दिलं. त्यावर मराठी शिक्का होता.

एक वाजून पाच मिनिटांनी बोट निघाली. एक बावीसला त्यांचा रेडिओ बंद पडला, असं कॅप्टन साहेबांनी नंतर सांगितलं.

सेल्वम संध्याकाळी एका विजेच्या खांबाला धरून सापडला. बुंधा आडवा आला, बोट कलली, पोती एका बाजूला सरकली, असं त्यानं सांगितलं. दीवान सिंह तिसऱ्या दिवशी खाली बंधाऱ्यापाशी मिळाले. लाइफ जॅकेट अंगात होतं. पाय पोती बांधायच्या दोरात अडकला होता.

दुसऱ्या सकाळी हेलिकॉप्टरनं शाळेच्या छतावर कोरडा तांदूळ टाकला. लोकांनी शिजवून खाल्ला. तिथं कुणी आजारी नव्हतं.

पुढं कोर्ट ऑफ इन्क्वायरी झाली. दुसऱ्या ट्रिपचं कारण मला विचारलं. मुलांची पोटं बिघडली होती, लोकांनी कोरडा तांदूळ मागितला, असं मी सांगितलं. ते टाइप झालं. खाली मी सही केली. दाबून केली, त्यांनी शिकवली तशी.

दोन महिन्यांनी काशप्पांचा फोन आला. शेजारच्या जिल्ह्यांतून गाड्या आल्या होत्या. "थप्पी पुन्हा वरपर्यंत गेली बघ. तुझी सात पोती बी आली. सगळ्यांनी शब्द पाळला." मी बरं म्हणालो.

रिटायर झाल्यावर मी गावाकडं राहायला गेलो नाही. कुमाऊंच्या पायथ्याशी रुद्रपूरला एका कारखान्याच्या गेटवर ड्यूटी करतो. गेटला कुलूप लावल्यावर तीन-तीनदा ओढून बघतो, सोबतचे हसतात. इथून दीवान सिंहांचं गाव बसनं सहा तास. वर्षातून एकदा जातो. त्यांच्या घरी भाभीजी आणि त्यांच्या म्हाताऱ्या आई आहेत. मी गेलो की भाभीजी चूल माझ्या हाती देतात. "वो कहते थे, चावल तो बिदरवाले के हाथ का." मी शिजवतो. म्हातारी आई सगळ्यात आधी ताट पुढं करते.

मागच्या वेळी भाभीजींनी विचारलं, "भैया, वो सात बोरी जिनके लिए थीं, उन बच्चों का क्या हुआ? ठीक हो गए थे?"

मी म्हणालो, "हाँ भाभीजी, सब ठीक हैं."

म्हणून हे लिहिलं. या वर्षी जाताना हे कागद नेणार आहे आणि हिंदीत करून त्यांना वाचून दाखवणार आहे. आधी वाचेन. त्यानंतर त्यांनी चुलीपाशी बसू दिलं तर बसेन.

हवालदार दीवान सिंह. पोहायला चांगले होते. गोड जास्त खायचे, चहात साखर मागून घ्यायचे. माझ्या हातच्या प्रत्येक देगीतला पहिला घास पंधरा वर्षं त्यांनी घेतला. त्या दिवशीची खिचडी त्यांनी चाखली नाही. चमचा काढला होता. मी चाखू दिली नाही.