कप्तानाला मारायचं राहिलं

तळ्याच्या मध्यावर आल्यावर आर्डिस थांबली, नाकावरचा मफलर खाली ओढला आणि म्हणाली, "आज मारतेच मी त्याला. सूपमधून."

"मागच्या आठवड्यातही हेच म्हणाली होतीस," मी म्हटलं.

"तेव्हा सूप नव्हतं. कड्यावरून ढकलायचा होता. ऐनवेळी त्याचा गुडघा दुखायला लागला, तो वर चढलाच नाही."

"गुडघा दुखवला कुणी? तूच ना?"

"मी नाही गं. त्याचा त्यालाच दुखला."

आम्ही पुन्हा चालायला लागलो. पायाखाली गोठलेलं तळं, वर पिठासारखा बर्फ. आर्डिस पुढे, घसरगाडीची दोरी कमरेला बांधून. मी मागे, गाडी कलंडली तर धरायला. गाडीवर गॅसची टाकी, कॉफीचा थर्मास आणि एक बादली. बादलीच्या तळाशी, गळांच्या डब्याखाली, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली कादंबरी. वाटेत कुणी भेटलं तर दिसायला नको. एरवी आम्ही बर्फावरच्या मासेघरापर्यंत ट्रकने जायचो, पण यंदा थंडी नीट पडलीच नाही. बर्फ ट्रक पेलेल की नाही, सांगता येईना. म्हणून हे एवढं अंतर पायी.

आर्डिस टोलेफसन माझी शेजारीण. आता सत्तरीची आहे. गावातल्या शाळेच्या स्वयंपाकघरात तिची सगळी नोकरी गेली. पन्नाशीच्या आतला जो कुणी इथे वाढलाय, तो तिच्या हातचं जेवून वाढलाय. मी लग्न होऊन इथे अमेरिकेत, मिनेसोटात आले तेव्हा माझं इंग्रजी परीक्षेपुरतं होतं, मराठी शाळेत पाठ केलेलं. दारावर कुणी आलं की मी पडद्याआड जायची. आर्डिस पावाचा तुकडा नाहीतर मुरंब्याची बाटली घेऊन यायची आणि बोलत बसायची. माझी एकही चूक तिने कधी दुरुस्त केली नाही. त्यामुळे काही चुका मी अजून करते.

निवृत्त झाल्यावर ती कादंबरी लिहायला लागली. हे फक्त मला माहीत होतं. आमच्या गावात माणसाने काहीही करावं, फक्त स्वतःला कुणीतरी समजू नये. आणि कादंबरी लिहिणं म्हणजे तेच की.

"मग मलाच का सांगितलंस?" मी एकदा विचारलं.

"बाकीच्या वाचून म्हणतील, 'वेगळं आहे हं.'" इथे पदार्थ तोंडात घालून कुणी 'वेगळं आहे' म्हणालं, की समजावं, घास उतरत नाहीये. "तू सरळ बोलतेस. माझा बटाट्याचा कॅसरोल पहिल्यांदा खाल्लास तेव्हा काय म्हणालीस?"

"मीठ घालायला विसरलीस का, एवढंच."

"विसरले नव्हते. तो तसाच करतात."

तिच्या घरात लिहिणं शक्य नव्हतं, कारण घरात मर्ल आहे. मर्ल, म्हणजे तिचा नवरा, माणूस वाईट नाही, पण बोलतो. त्याचा जन्म गेला धान्याच्या गोदामात वजनकाट्यापाशी, येणाऱ्याजाणाऱ्याशी गप्पा मारण्यात. निवृत्तीनंतर तेवढं सगळं बोलणं एकट्या आर्डिसच्या वाट्याला आलं. तिच्या नायिकेने दाराच्या मुठीला हात घातला, की आतून मर्लची हाक यायची, "आर्डिस, कात्री कुठाय?" कात्री सापडेपर्यंत नायिका ताटकळून निघून गेलेली असायची.

मर्लचे गुडघे गेले आणि त्याचं मासेघर ओस पडलं. मासेघर म्हणजे बर्फावर ठेवायची लाकडी खोली, पडवीएवढी. जमिनीला भोक, त्याखाली बर्फालाही भोक, एक शेगडी आणि बसायला दोन बाकं. आर्डिस त्याला म्हणाली, "मी जाते मासे धरायला." मर्लला इतका आनंद झाला, की त्याने पेट्रोलपंपापासून चर्चपर्यंत सगळ्यांना सांगितलं, माझी बायको कोळीण झाली.

झाली पंचाईत. आता मासे आणणं भाग आलं. लिहिताना गळ धरता येईना, म्हणून गळ धरायला मी. जन्मात जी बाई माशाला शिवली नाही, ती दर हिवाळ्यात सरकारी परवाना काढते, कारण बिनपरवाना बसणं माझ्याच्याने होत नाही. पाण्यात दोरी सोडायची आणि मनात नामस्मरण करत बसायचं. ज्याचा पहिला अवतारच मासा, त्याचं नाव घ्यायचं आणि हातात गळ. म्हणून मी आमिष लावत नसे. आर्डिसला वाटायचं, तळ्यातले मासे कमी झाले. मी तिला वाटू दिलं. तरी अधूनमधून एखादा अडाणी मासा नुसत्या लोखंडालाच येऊन लागायचा. तो मग आर्डिस सोडवायची. मी तोंड फिरवून बसायची.

तिची कादंबरी घडते गरम समुद्रात, एका मालवाहू जहाजावर आणि वाटेतल्या बेटांवर. नायिका लुसिंडा जहाजावर स्वयंपाकीण. कप्तान ब्रॉकने तिच्या भावाला फसवलंय, म्हणून ती त्याला मारायला आली आहे. पहिली काही पानं वाचल्यावर मी विचारलं, "इतक्या उन्हात ही लोकरीचे मोजे घालून का फिरते?"

आर्डिसने वाचून पाहिलं. "त्या दिवशी शेगडी विझली होती," ती म्हणाली.

चांगल्या दिवशी तिची पेन्सिल थांबायची नाही. शाई तिथे गोठते, म्हणून पेन्सिल. वाईट दिवशी ती टोकं करत बसायची. अशाच एका वाईट दिवशी काही सुचेना, म्हणून तिने जहाजावर मांजर आणलं. दुसऱ्या दिवशी त्या मांजराचं काय करावं ते सुचेना. तेव्हा ते हरवलं. मग तीन प्रकरणं सगळं जहाज मांजर शोधत होतं, आणि कप्तानाला मारायला कुणाला सवड नव्हती.

हिवाळा संपला की लिहिणं बंद. उन्हाळ्यात बाग, नातवंडं आणि मर्ल. पुन्हा बर्फ धरला की ती जुनं वाचायची, तिला ते आवडायचं नाही, आणि पुन्हा पहिल्या पानापासून सुरू. असे तीन हिवाळे गेले. यंदा ती म्हणाली, "यंदा संपली नाही, तर शेगडीत घालीन. परत पहिल्यापासून लिहायचं त्राण नाही माझ्यात." आर्डिस असलं थट्टेत बोलत नाही. यंदा सगळं लिहून झालं होतं. फक्त कप्तान मरायचा होता.

त्या दिवशी मासेघरात पोचल्यावर मी शेगडी पेटवली, कॉफी ओतली आणि दोरी सोडून बसले. आर्डिस लिहायला लागली. पुष्कळ वेळ नुसता पेन्सिलीचा आवाज.

मग ती थबकली. "सूप वाढलं."

"विष?"

"घातलंय. चमचा उचललाय त्याने." पुन्हा लिहू लागली. पुन्हा थांबली. "आता हा बोलतोय."

"त्याला बोलू नको देऊस. गिळू दे."

"म्हणतो, सूप झकास झालंय लुसिंडा, पण तू जेवलीस का?" आर्डिसने पेन्सिल खाली ठेवली. "आता कसं मारू?"

मला हसू आवरेना. "हे तर मर्लचं बोलणं. रोज जेवताना तो तुला हेच विचारतो."

"तेच तर होतंय. दुसरा पुरुष कसा बोलतो, मला ठाऊकच नाही. तोंड उघडलं की हा मर्लच होतो."

"मग जगू दे बापड्याला."

"कसा जगू देऊ? पहिल्याच पानावर पहिलंच वाक्य आहे, कप्तान ब्रॉक मेला तेव्हा जहाजावर कुणी रडलं नाही!"

"तर मग डोळे मीट आणि लिही."

तिने खरोखरच डोळे मिटले. ओठ घट्ट दाबून भराभरा लिहिलं, तोंडाने "सॉरी, सॉरी" म्हणत. पान भरलं. ते गुडघ्यावर ठेवून तिने डोळे पुसले. "मेला," ती म्हणाली.

नेमका तेव्हाच माझ्या हातातल्या काठीला हिसका बसला. मी ओरडले. आणि त्याच क्षणी दारावर थाप पडून दार उघडलं. मासेमारीवर देखरेख करणारा वॉर्डन डॅरिन दारात उभा, आणि त्याच्यामागून वारा आत. गुडघ्यावरचं पान उडालं, शेगडीवरून गेलं आणि अलगद भोकात उतरलं.

आर्डिस गुडघ्यांवर पडून भोकात हात घालायला गेली. पान आत, बर्फाखाली सरकलं. दोरीला मासा अजून ओढत होता. मी काठी घट्ट धरून बसले, कारण सोडायची तरी कशी, तेही मला ठाऊक नव्हतं.

"परवाना, काकू?" डॅरिनने मला विचारलं. मी एका हाताने काढून दाखवला.

त्याने मासा वर घेतला, सोडवला, बादलीत टाकला. गळाकडे नीट पाहिलं. "आमिष नाही?"

"नाही," मी म्हटलं.

बाकावर पसरलेले कागद, पेन्सिली, भोकाशी गुडघे टेकलेली आर्डिस, सगळं त्याने बघितलं. लहानपणी तिच्या हातचं जेवलेला तो. टोपी काढली आणि म्हणाला, "आर्डिसकाकू, काठाकडचा बर्फ सुटायला लागलाय. उद्या सकाळी माणसं घेऊन येतो, घर ओढून नेऊ. मर्लकाकांना मीच सांगतो, दगदग नको."

"उद्याच?" आर्डिस म्हणाली.

"पुढच्या आठवड्यात हे तळाशी असेल, काकू."

दाराशी तो घुटमळला. "ते... महत्त्वाचं होतं का?"

"एक माणूस मेला होता," आर्डिस म्हणाली. "आता नाही मेला."

डॅरिनने टोपी पुन्हा चढवली. "वेगळं आहे हं," म्हणाला आणि दार हळूच लावून गेला.

परतताना आर्डिस गाडी ओढत झपाझप पुढे चालली होती. मी म्हटलं, "अगं, एकच पान होतं. आठवून लिही."

"कुठे लिहू?" ती थांबली. "घरी मर्ल. वाचनालयात गेले, तर संध्याकाळपर्यंत गावभर होईल. चर्चच्या तळघरात गोधड्या शिवणाऱ्या बायका. मी ट्रकमध्ये बसून बघितलंय कुमू. लोक काच वाजवून विचारतात, बरी आहेस ना. एवढंसं पान राहिलंय. पण उन्हाळा आला की मला माहितेय, ते तसंच राहील, आणि थंडीत मी सगळंच शेगडीत घालीन."

"नाही घालणार तू."

"घालीन."

ती खरं बोलत होती.

काठाशी बर्फ खरंच करकरत होता. हात धरून आम्ही तो ओलांडला. माझ्या घराशी आल्यावर तिने बादली खाली ठेवली. मासा मर्लसाठी तसाच आत ठेवून कादंबरीची पिशवी तेवढी बाहेर काढली. आमच्या घरात वरच्या मजल्यावर कपड्यांचं एक मोठं कपाट होतं, माणूस आत बसेल एवढं. मुलं शिकायला गेल्यावर आम्ही त्यातल्या दांड्या काढून तिथे देव मांडले. आर्डिसने ते एकदाच पाहिलंय, दाराबाहेरून, हात मागे बांधून.

"तुझ्या त्या देवांच्या खोलीत," ती म्हणाली, "एक स्टूल मावेल का?"

"मावेल की."

"तिथे कुणी हाक मारत नाही. दार लागतं. मर्लला सांगेन, कुमूकडे प्रार्थनेला जाते. तुला खोटं बोलावं लागणार नाही, मी खरंच तिथे बसलेली असेन." तिने पिशवी छातीशी धरली. "पण तू आधी देवांना विचार. सरळ सांग, लपवू नकोस, की आत बसून मी एका माणसाला विष घालणार आहे. तो माणूस बोलायला चांगला आहे, हेही सांग. तेवढ्या वेळापुरतं त्यांनी जरा दुसरीकडे बघितलं, तरी माझं भागेल. विचारून सांगशील?"