भावोजींचं चौथं पुडकं

माझी रोजची वही मी पुढून लिहिते. तिथी, नैवेद्य, कोण आलं, कोण गेलं. मागची पानं धाकट्या दिरांची, गुरुदास भावोजींची. धामापुरात वीज केव्हाही जाते, म्हणून कामाची यादी ते कागदावर ठेवायचे आणि हाताशी माझीच वही असायची. "देवाच्या पानाक हात लावणंय नाय हां वयनी," असं वर म्हणायचे.

मी या घरात आले तेव्हा ते अकरा वर्षांचे होते. पुढे पुण्यात कंप्युटरची नोकरी केली, दोन हजार साली परत आले, लग्न केलं नाही. कुडाळला क्लास चालवायचे आणि घरी येऊन दुसऱ्याच कामाला बसायचे. एका चतुर्थीला पातोळ्या करता करता मी विचारलं, "भावोजी, ह्या काम तरी कसला?"

"मशीनींवर नजर ठेवणारो एक प्रोग्राम आसा. खंयची मशीन बंद पडली, की कळवता. केलो दुसऱ्यांनी, मी नुसतो बांधून देतंय. मशीन चलवता ता लिनक्स एकच, पण घरां वेगळी. डेबियन, फेडोरा, असली. तुझा सारण एकच, पण हळदीच्या पानात घातलंस की पातोळी, पारीत भरलंस की करंजी."

"म्हणजे तुमी नुसती पानां बदलतास."

"पान बदलला की आच पण बदलता गो. करंजी उकडून बघ."

"आणि खाणारो कोण?"

"खंय दिसता? लांबच्या एका इस्पितळात चलता, इतक्या ठावक आसा."

"बरी झाली म्हणान तरी सांगतत?"

"बिघडली तरच सांगतत."

त्यांनी बांधलेली ही पुडकी टेलिफोनच्या तारेतून जायची, तासन्‌तास. तोवर फोन अडलेला. देवगडची माझी बहीण वर्षाली कुरकुरायची, की तुमच्याकडे फोन लागला तर त्या दिवशी नारळ फोडीन.

दोन हजार सात साली, चार दिवसांच्या तापाने, सहा ऑगस्टला भावोजी गेले. मी चुलीवर भात ठेवून इस्पितळात गेले होते. परत आले तेव्हा तो कोणीतरी उतरवलेला होता. मला रडू आलं नाही. अजून आलेलं नाही.

सुतकात आमच्या हाताला देव नाहीत. शेजारच्या राधाबाई आमच्या भावकीतल्या नव्हेत. त्या सकाळ-संध्याकाळ येऊन देवाजवळ दिवा लावायच्या आणि जायच्या. मी लांब बसून त्यांचा हात बघायची. वहीत लिहायला काही नव्हतं. नवव्या दिवशी मी ती मागून उघडली.

डेबियन, फेडोरा अशा चार घरांची यादी होती. तीन घरांपुढे बरोबरच्या खुणा. चौथ्याच्या खाली पाच ओळी, त्यातल्या चारांना खुणा. पाचवी कोरी: 'मशीन बंद करून चालू केली तर राखण आपोआप सुरू होते का?' त्याखाली लिहिलं होतं, '१६ ऑगस्टला दार बंद. नाहीतर हे पुडकं या खेपेला बाहेर.'

बारावा सतरा तारखेला होता. सात वर्षांत भावोजींनी पुडकं धाडायची तारीख चुकवली नव्हती.

मी यजमानांना सांगितलं. ते म्हणाले, "बाराव्यापर्यंत त्याच्या वस्तूंक हात नको."

"वही माझी आसा."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. "कर काय ता."

दुसऱ्या दिवशी पंधरा ऑगस्ट, क्लासला सुट्टी. भावोजींच्या क्लासात शिकवणारी इफ्रा भेटायला आली. पडवीत बसून तिने पान वाचलं. "काकी, माका ह्या बांधूक येणा नाय. सर शिकवतंय म्हणालेले."

"मग?"

"पण सरांनी काम दूरच्या मशीनवर ठेवलेला आसा, सगळ्यांका दिसता. किती झाला, काय रवला, ता लिहून आजच धाडतंय. कोणतरी उचलतलो."

मी दुसऱ्या कागदावर ओळीला ओळ उतरवून दिली. माझं एक अक्षर घातलं नाही. कागदाची घडी घालताना इफ्रा थांबली. "सर गेले, ता लिहू?"

"लिही."

बाराव्याची पंगत बसली असताना तिचा फोन आला. कुठल्यातरी देशातल्या एका माणसाने पत्र वाचून मशीन बंद केली, चालू केली. राखण आपोआप सुरू झाली. दार बंद होण्याआधी पुडकं आत गेलं होतं.

"तो विचारता, सांभाळणाऱ्याचा नाव कोणाचा घालू? सरांचाच ठेवया काय, काकी?"

आत कोणीतरी वरण मागत होतं. मी विचारलं, "बिघडला तर पत्र कोणाक येता?"

"जेचा नाव, तेका."

भावोजींच्या नावावर पत्रं येत राहिली असती. उघडणारं कोणी नव्हतं. "त्या माणसाचा घाल," मी म्हटलं.

"बरा. आधी कोणी बांधला, तिथे सरांचा रवता."

"रवांदे."

दुसऱ्या सकाळी राधाबाईंनी काड्यापेटी माझ्या हातात दिली. मी दिवा लावला, वहीत तिथी लिहिली. मागच्या पानावरची पाचवी ओळ तशीच ठेवली. खूण भावोजींनी करायची होती.

दुपारी वर्षालीचा फोन आला. "पयल्याच खेपेक लागलो गो."

"होय," मी म्हटलं. "आता मोकळोच आसता."