उत्तरेच्या भिंतीतलं भोक

माझ्या बायकोला, म्हणजे सुमेधा गजभियेला, मापाशिवाय काहीच पटत नाही. आमचं जमवताना तिने मला पहिल्यांदा पाहिलं आणि बायोडाटात उंची दोन सेंटिमीटर वाढवून लिहिली आहे, हे दारातच सांगितलं. मूळची उमरेडची. आता जर्मनीत, नेकारसुल्म शहराजवळच्या एका कंपनीत गाड्यांचे सुटे भाग मोजून पास-नापास करते. माप चुकलं की समोर मॅनेजर असो नाहीतर मॅनेजरचा मॅनेजर, बाई सही करत नाही. अशा बाईला आम्ही राहतो त्या इथल्या गावाने आपलं सातशे वर्षांचं चर्च मोजायला बोलावलं. स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेणं म्हणतात ते हेच!

चर्चची दुरुस्ती निघाली होती आणि जुने नकाशे सापडत नव्हते. सुमेधाने कंपनीची परवानगी काढून लेझर स्कॅनर नेला आणि तीन शनिवार तिथेच काढले. तिसऱ्या शनिवारी तिला उत्तरेच्या भिंतीत एक भोक दिसलं. वीतभर रुंद आणि तिरपं. चर्चच्या माहितीपत्रकात लिहिलं होतं, ‘हवा येण्यासाठी.’ तिने बाहेरून त्यात लेझर धरला, तर लाल ठिपका बरोबर वेदीच्या मध्यावर पडला.

“हवेला वेदी बघायची असते का रे, सिद्धांत?” तिने मला विचारलं.

बाहेरून ते भोक इतकं खाली होतं, की मोठ्या माणसाला कमरेत वाकावं लागे. ती वाकली, आत बघितलं आणि सरळ उभी राहून म्हणाली, “बाहेरून दर्शन घ्यायची सोय आहे ही.”

पुढे मला काही समजावून सांगायची गरज नव्हती. तिचे आजोबा गावच्या देवळापासून ठरलेल्या अंतरावर उभे राहून कळसाला हात जोडायचे. छप्पन साली त्यांनी दीक्षा घेतली आणि त्यानंतर त्या कळसाकडे मान वर करून पाहिलं नाही.

तिने पुस्तकं धुंडाळली. इंग्लंडमधल्या जुन्या गावचर्चांतही अशी भोकं आहेत. त्यातून नक्की कोण बघायचं यावर विद्वानांचे वाद आहेत. कोणी म्हणतं कुष्ठरोगी, कोणी म्हणतं वाळीत टाकलेले, कोणी आणखी काही. “वाद घाला की खुशाल,” सुमेधा म्हणाली, “पण वाद घालायला भोक तर ठेवा!”

कारण सभेने होकार दिला की दोन आठवड्यांनी सोमवारी ते गिलाव्याने बुजणार होतं. चर्च समितीच्या अध्यक्षा फ्राउ ड्यूर, म्हणजे ड्यूरबाई, गोड बोलणाऱ्या. त्यांनी आम्हाला घरी बोलावून आलुबुखाराचा केक खाऊ घातला आणि म्हणाल्या, “हे बघा, आमच्या चर्चने कधी कोणाला बाहेर ठेवलेलं नाही.”

खरं सांगतो, मी घाबरट आहे. गाडीत बसल्यावर म्हणालो, “जाऊ दे ना. आपल्याला इथे राहायचंय.”

“राहायचंय म्हणूनच,” ती म्हणाली.

आदल्या रविवारी दुपारी चर्चमध्येच सभेत यावर मतदान होतं. सुमेधा कागद घेऊन उठली, तशा फ्राउ ड्यूर हसून म्हणाल्या, “तुम्ही चर्चच्या सदस्य नाही. आत बसून ऐका, पण सभेत बोलायचा हक्क फक्त सदस्यांना आहे.”

“आत सदस्यांनीच बोलायचं?”

“गेनाऊ, अगदी बरोबर.”

सुमेधाने कागद आवरले आणि दार ओढून निघून गेली. मला वाटलं, संपलं, आता गाडीत बसून रडत असेल. मी उठणार इतक्यात उत्तरेच्या भिंतीतून आवाज आला.

“फ्राउ ड्यूर, मी आत नाही. ऐकू येतंय का?”

सगळ्या माना तिकडे वळल्या. मग पहिल्या बाकावरचे म्हातारे हेर कोल्ब काठी टेकत भिंतीपाशी गेले आणि भोकाला कान लावून म्हणाले, “जरा मोठ्याने बोला, बाई.”

ती बोलली. भोकाचा कोन सांगितला, जमिनीपासूनची उंची सांगितली, लाल ठिपका कुठे पडला तेही सांगितलं. “कोणाला उभं केलं होतं ते मला माहीत नाही,” ती म्हणाली. “पण कोणाला तरी इथे वाकायला लावलं होतं. मी आत्ता वाकलेय. माझी कंबर दुखतेय. हे बुजवलंत तर ते कधी झालंच नाही असं होईल.”

फ्राउ ड्यूर लालबुंद झाल्या. “आत या, फ्राउ गजभिये. प्लीज. असं बरं दिसत नाही.”

“मत घ्या,” भिंतीतून आवाज आला. “तोवर मी इथून हलणार नाही.”

मत घ्यावंच लागलं. बुजवा म्हणणारे सोळा हात वर गेले. मग राहू द्या म्हणणाऱ्यांचे हात. सर्वांत आधी कोल्बांचा, मग एकेक करत बरेच. फ्राउ ड्यूर बोट दाखवत मोजत आल्या आणि माझ्यापाशी थांबल्या.

“हेर गजभिये, तुम्हीही सदस्य नाही.”

“माहीत आहे,” मी म्हणालो.

मला सोडून त्यांनी एकोणीस मोजले. भोक राहिलं. त्यांनी आकडा जाहीर केला तरी मी हात खाली घेतला नव्हता.