समीनानं मला दारातून परत बोलावलं

आज दुपारी वाटूरला माझ्या भाचीचा, समीनाचा निकाह झाला. वकील मीच होतो, म्हणजे नवरीची मंजुरी विचारून काझीसाहेबांना सांगणारा.

दोन साक्षीदार घेऊन बायकांच्या खोलीत गेलो. मुलाचं नाव, त्यानं नवरीला द्यायच्या मेहरची रक्कम सांगून तीनदा विचारलं. ती मान खाली घालून रडत होती. बायका म्हणल्या, "हो समजा, चला जल्दी!" आम्ही वळलो.

"मामू, मी अजून हो म्हटलं न्हाई."

मी दारातूनच मागं फिरलो. तिनं डोळे पुसले. "आता विचारा."

विचारलं.

"कबूल है!" पार मंडपापर्यंत ऐकू गेलं.

छाती फुगली राव माझी! काझीसाहेबांकडं आज मी तिचा शब्द नेला.

याआधी पाच निकाहांत वकील झालो. तिथंही बायकाच 'हो समजा' म्हणल्या होत्या. तेव्हा काय नेलं होतं?