चौकातलं खळं

पिंपरीच्या माळावर कारखाना उभा राहत होता, तेव्हा मी त्याच्या कामगार वसाहतीचे नकाशे काढायला होतो. ऑफिस म्हणजे रुळांजवळची पत्र्याची शेड. गाडी गेली की टेबल हलायचं आणि रेघ वाकायची. वसाहतीतल्या एका गल्लीला किंचित बाक आहे, तो लोणावळ्याच्या गाडीमुळे आला असावा, असं मला अजूनही वाटतं.

आमचे साहेब परदेशातून नगररचना शिकून आले होते. त्यांचा पाइप बहुतेक विझलेला असायचा. पण डोकं चालू असायचं, हे कबूल केलं पाहिजे. घरं पाठीला पाठ लावून बांधायची म्हणजे एक भिंत वाचते. स्वयंपाकघर पूर्वेला ठेवायचं म्हणजे सकाळी दिवा लागत नाही. घर कारखान्याच्या इतकं जवळ हवं, की भोंगा ऐकून निघालेला माणूस चालत वेळेवर पोचला पाहिजे. आणि त्यांचा सगळ्यात आवडता नियम असा, की जमिनीच्या प्रत्येक तुकड्याने दोन कामं केली पाहिजेत. गल्ली हा रस्ता आणि अंगण, बाजाराचा ओटा हाच संध्याकाळी सभेचा ओटा. हे सगळं मला मनापासून पटायचं. अजूनही पटतं.

फक्त वसाहतीच्या मधोमध एक वर्तुळ होतं, त्याला हा नियम लागू नव्हता. तिथे हिरवळ होणार होती, हिरवळीच्या मधे दगडी स्तंभ आणि स्तंभावर उद्घाटनाच्या पाहुण्यांचं नाव कोरलेली शिळा. प्यायचं पाणी अजून टँकरने येत होतं. नकाशावर मात्र हिरवळ टवटवीत होती, कारण ती मीच रंगवली होती.

एके दिवशी गावातली एक बाई शेडच्या दारात येऊन उभी राहिली. उंच, सडसडीत, कपाळावर मोठं कुंकू. सगळे तिला मावशी म्हणत, मीही म्हणू लागलो.

"माज्या खळ्यात खुंट्या कुनी ठोकल्या?" तिने विचारलं.

खुंट्या मीच ठोकून घेतल्या होत्या. वर्तुळाची जागा साहेबांनी निवडली होती ती तिथली जमीन सपाट, टणक आणि गोल होती म्हणून. ती निसर्गतः गोल नसून मावशीच्या घराण्याने कैक वर्षं पाणी शिंपडून, चोपून आणि शेणाने सारवून गोल केली आहे, हे कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. मधे एक लाकडी खांबही होता. तो तिवडा. मळणीच्या वेळी बैल त्याला बांधून कणसांवर गोल फिरवतात. मोजणीवाल्यांनी कागदावर तिथे नुसता एक ठिपका दिला होता.

मी म्हणालो, "मावशी, ही जमीन कंपनीने घेतली ना? पैसे मिळाले तुम्हाला."

"जमिनीचं मिळालं. खळ्याचं कुनी इचारलं का?"

"खळं जमिनीतच आलं की."

"आसं व्हय?" ती म्हणाली. "मंग तुमची गच्ची बी भिंतीतच येत आसंल."

रुळापलीकडे तिचं एक वावर उरलं होतं. त्यात जोंधळा उभा होता. मळायला दुसरं खळं करायचं तर पेरलेल्यातलाच तुकडा मोडावा लागणार होता, आणि वावर आधीच एवढंसं. बैल तिचे नव्हते. महाळुंगे गावचा तिचा भाऊ आपली मळणी उरकली की जोडी घेऊन यायचा. तो येईल तेव्हाच मळणी. खळं राहिलं तर वर्षाच्या भाकरी घरच्या, नाहीतर विकतच्या, इतका सरळ मामला होता.

संध्याकाळी मी साहेबांपुढे नकाशा पसरला.

"साहेब, या वर्तुळाचं काम काय?"

"शोभा."

"आणि दुसरं?"

त्यांनी पाइप तोंडातून काढला, त्यात डोकावून पाहिलं आणि परत ठेवला. माणसाला त्याचंच वाक्य परत दिलं की ते जड लागतं.

"मळणी होईपर्यंत खोदाई नको," ते म्हणाले. "पण उद्घाटनाच्या आत आटपा. मळणी झाली की स्तंभ होणारच."

मी मावशीला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "म्हंजी फुडल्या सालाला न्हाई."

मग मुंबईहून तार आली, की पाहुण्यांना ठरलेली तारीख जमत नाही, ते आजच येत आहेत. आणि त्याच सकाळी महाळुंग्याचा भाऊ बैल घेऊन आला.

साहेबांनी मला धाडलं. खळ्यावर कणसं पसरली होती, तिवड्याला जुंपलेले बैल फिरत होते, मागे भाऊ चालत होता.

"भाऊ, जरा दुपारपर्यंत थांबता का? मोठे पाहुणे येतायत."

"राव, ऊन चांगलं तापलंय, आत्ताच दाना सुटनार," तो चालता चालता म्हणाला. पुढचं वाक्य ऐकायला मला त्याच्यामागे निम्मी फेरी चालावी लागली. "पाव्हन्याला म्हनावं, बस सावलीला. आमी काय त्याला जुंपत न्हाई."

तेवढ्यात मोटार आलीच. पाहुणे उतरले आणि भराभर वर्तुळाकडे निघाले. काठावर मावशी उभी होती.

"पायतान काडा," ती म्हणाली.

खळ्यात चप्पल घालून कोणी जात नाही, हा तिथला रिवाज. पाहुण्यांना ते एखादं देवस्थान वाटलं असावं. त्यांनी निमूटपणे बूट काढले. मग साहेबांनी काढले, मग हार घेतलेल्या कंपनीच्या चिटणिसांनी. सगळे मोज्यांनी कणसांवरून जपून चालू लागले. पाहुण्यांनी हार हातात घेतला आणि स्तंभ शोधू लागले. वर्तुळात उभी असलेली वस्तू एकच होती. साहेबांनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं आणि अदबीने तिवड्याकडे हात केला.

भावाने बैल थांबवले. पाहुण्यांनी तिवड्याला हार घातला, हात जोडले, नारळ वाढवला. भावाने बैल परत हाकले आणि पाहुणे घाईने काठावर आले. तिथे त्यांनी खिशातून टंकलिखित भाषण काढलं आणि एकदाही मान वर न करता वाचलं. या रम्य हिरवळीवर श्रमिकांची मुलं बागडतील, असं त्यात होतं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. बैल फिरतच होते.

मोटार गेल्यावर भावाने मला विचारलं, "राव, हिरवळ कुठं हाय म्हनं?"

"भाषणात."

"मंग बरंय. तिला पानी लागत न्हाई."

मी खुंट्यांचा विषय काढला, तशी साहेब बुटाची नाडी बांधता बांधता थांबले. "आता तिथे कसं खोदणार?" ते म्हणाले. "रीतसर उद्घाटन झालंय त्या खांबाचं. फोटोसुद्धा निघालाय." चेहरा गंभीर होता, पण त्या दिवशी पाइप पेटलेला होता.

शिळा कोरून तयार होती, तिचं काय करायचं हा प्रश्न उरला. ती वर्तुळाच्या काठाला आडवी बसवली. मळणीला येणारे तिच्यावर चपला काढू लागले. घरांत बिऱ्हाडं आल्यावर उन्हाळ्यात बायका खळ्यावर पापड-कुरडया वाळवायच्या, संध्याकाळी पोरं लंगडी खेळायची, रात्री गाद्या पडायच्या. जोंधळा निघाला की मावशी येऊन सगळ्यांना उठवायची. आधी पोरंच कुरकुर करायची, मग तीच पोरं शेण कालवायला पुढे असायची.

पुढे बाहेरून कोणी वसाहत बघायला आलं की साहेब त्यांना हटकून तिथे घेऊन जात आणि जमिनीच्या तुकड्याने दोन कामं केली पाहिजेत, हे समजावून सांगत. चौथं-पाचवं कामही मोजून दाखवत. मावशी तिथे असली तर ती ते शेवटपर्यंत ऐकून घ्यायची.

मग म्हणायची, "खरं हाय सायब. पन आदी पायतान काडा."